न विरघळलेला हलवा

१

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी कारेलीबागेत सुहासिनी गुप्ते यांच्या दारात एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला. हातात लाल पुठ्ठ्याचा डबा होता. बसा म्हटलं तरी तो बसला नाही. डबा जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याने विचारलं, "हा तुमचाच ना?"

डबा त्यांचाच होता. झाकणावर सुनेनं, मोहनानं, काढलेलं तिळाच्या फुलाचं चित्र होतं आणि त्याखाली नाव छापलं होतं : 'सुहासिनी, हलव्याचे दागिने, बडोदे'.

तरुणाचं नाव अनिश. मुलुंडहून रात्रीच्या गाडीने तो आला होता. त्याने सांगितलं ते असं. त्याच्या आठ महिन्यांच्या मुलाचं, ओजसचं, परवा बोरन्हाण झालं. बायकोने, अवनीने, इंटरनेटवर हे दुकान शोधून मुकुट, हार, बासरी, बाजूबंद असा सगळा साज मागवला होता. बाळाला पाटावर बसवलं, दागिने घातले, फोटो काढले. बाळाने बाजूबंदाचा एक मणी ओढून तोंडात घातला. कोणी अडवलं नाही. साखरच ती, बाळानं चोखायचीच असते. मग बाळ खोकलं, आणि खोकायचं थांबलं. ओठ निळे पडले.

"डॉक्टरांनी चिमट्याने काढला," अनिश म्हणाला. "मला म्हणाले, साखर असती तर एव्हाना विरघळली असती. हे काय घातलंत त्याच्या अंगावर?"

बाळ वाचलं होतं. पण अवनीने त्याच रात्री आयांच्या एका वेबसाइटवर सगळं लिहिलं होतं, डब्याच्या फोटोसकट. आणि अनिश पोलिसांत जाण्याआधी ही बाई कोण, ते डोळ्यांनी बघायला आला होता.

सुहासिनीबाईंनी डबा उघडून मुकुट हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. परातीत खसखशीचा दाणा मंद आचेवर फिरवत, थेंब थेंब पाक सोडत, त्यावर काटा आणण्यात त्यांचे गेले तीन हिवाळे गेले होते. बोटांच्या टोकांना फोड आले होते.

"हा माझा हलवा नाही," त्या म्हणाल्या.

"डबा तुमचा आणि हलवा नाही?" अनिश म्हणाला. त्याच्या स्वरात कीव होती, आणि ती शिवीहून वाईट होती.

त्यांनी वाटीत पाणी आणलं. मुकुटाचा एक मणी तोडून त्यात टाकला. दोघं बघत राहिले. मणी तळाशी गेला नाही, विरघळलाही नाही. तो पाण्यावर तरंगत राहिला.

२

सुहासिनीबाईंनी पोलिसांआधी अहल्येला बोलावलं. अहल्या कर्णिक दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. अहल्येची सारी नोकरी अन्नभेसळ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत गेली होती. हळदीत काय, दुधात काय, ते शोधण्यात. लग्न केलं नाही, कोणाला भ्यायली नाही. निवृत्त झाली तरी चहाची पूड आधी हुंगायची सवय गेली नव्हती.

ती आली तेव्हा घरात सुहासिनीच्या मुलाचा, उत्कर्षचा, आवाज चढलेला होता. शहराच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. आज सुट्टी होती.

"आमच्या आईवर आळ घेता?" तो अनिशला म्हणत होता. "प्रत्येक डब्यात ती देवाजवळच्या अक्षतांची पुरचुंडी घालून पाठवते. अशी बाई लेकराच्या जिवाशी खेळेल? हे आईच्या जुन्या भागीदारणीचं, नीरामावशीचं काम आहे. मी आजच तिच्यावर तक्रार करतो."

अहल्येने त्याला गप्प बसायला सांगितलं आणि डबा गॅलरीत नेला. मणी थर्मोकोलचे होते, वर पांढऱ्या रंगाचा खरखरीत हात दिलेला. दोरा नायलॉनचा. सुहासिनी सुती दोरा सोडून दुसरं वापरत नसे. कोपऱ्यात मलमलीची छोटी पुरचुंडी होती. अहल्येने गाठ सोडून आत पाहिलं. कुंकू लावलेले तांदूळ होते. तिने गाठ पुन्हा बांधली आणि पुरचुंडी आपल्या पर्समध्ये ठेवली.

मग तिने दुकानाची सगळी हकीकत ऐकून घेतली, कारण तोवर हलवा खाण्यापलीकडे तिचा त्याच्याशी संबंध नव्हता.

सुरुवात मोहनाच्या डोक्यातून झाली होती. सासूबाई नातेवाइकांना दागिने फुकट करून देतात. अमेरिकेतल्या, दुबईतल्या मराठी मुलींना ते कुठून मिळणार? चुलत पुतण्या सौमित्र वेबसाइट बनवायचा, त्याने दुकान उभं करून दिलं. पहिल्या वर्षी महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग मोहनाने गच्चीत सकाळच्या उन्हात काळ्या साडीवर दागिने मांडून नवे फोटो काढले, शेजारच्या बाळाला मुकुट घालून एक काढला, आणि सौमित्रने दुकानाचा पत्ता परदेशातल्या मराठी मंडळांना धाडला. बाळाच्या त्या एका फोटोने गिऱ्हाइकं आणली. हलवा कसा होतो ते सुहासिनीबाईंनी दोन ओळींत सांगितलं होतं, तेही लोकांना आवडलं. या वर्षी तर इतक्या ऑर्डरी आल्या की डिसेंबरच्या मध्यालाच त्यांनी हात जोडले. आता दुकान बंद करा, म्हणाल्या, माझ्याने याहून जास्त होणार नाही. सौमित्रने 'यंदाच्या ऑर्डर बंद' अशी पाटी लावली. सुहासिनीबाईंच्या हातचे सारे डबे मोहनाच्या डोळ्यांसमोर गेले होते. त्यांत अवनी नावाची बाई नव्हती.

"तुम्ही ऑर्डर दिलीत कधी?" अहल्येने अनिशला विचारलं.

"नाताळ झाल्यावर."

बंद केलेलं दुकान नाताळानंतर उघडं होतं, आणि मुंबईला गेला तसा डबा आणखी कोणाकोणाला गेला असेल, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात. आणि त्यातही रविवार सगळ्यांच्या सोयीचा.

"आजच संध्याकाळी कुठेतरी एखादं बाळ पाटावर बसेल," अहल्या म्हणाली आणि डबा आणि स्कूटरची किल्ली घेऊन उठली.

३

बडोद्यात उत्तरायण दोन दिवसांत संपत नाही. त्या रविवारीही जो तो पतंग घेऊन धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, होता. रावपुऱ्यातले कुरिअरवाले बळवंतराव मांज्याने कापलेल्या बोटाला पट्टी गुंडाळत खाली आले. सुहासिनीच्या यजमानांचे ते मित्र, डबे त्यांच्याकडूनच जायचे. डब्यात काय काय असतं, असं अहल्येने विचारलं, तर म्हणाले, मला काय ठाऊक, माझ्याकडे येतो तो टेप लावूनच. मुलुंडच्या डब्यावरची चिकटचिठ्ठी त्यांनी लांब धरून वाचली.

"हा माझ्याकडचा नाही, बेन. छाणीच्या काउंटरवर दिलाय कोणीतरी."

सौमित्र छाणीला, शहराच्या उत्तर टोकाला, राहायचा.

तो धाब्यावर बायकोबरोबर उंधियु खात बसला होता. ऐकून त्याने ताट बाजूला ठेवलं. पाटी आपण लावली, त्यानंतर पाहिलंच नाही, असं तो म्हणाला. पाटी काढायला पासवर्ड पुरतो, आणि तो त्याच्याखेरीज मोहना आणि उत्कर्षकडे होता. ऑर्डरीचे मेल दुकानाच्या पत्त्यावर जायचे. बंद केल्यावर तिथे कोण बघतं? त्याने लॅपटॉप वर आणून दुकान उघडलं. पाटी नव्हती. त्या जागी लिहिलं होतं : 'लोकाग्रहास्तव ऑर्डर पुन्हा सुरू.'

खाली उघड्या डब्याचा फोटो होता. मुकुट, हार, कोपऱ्यात पुरचुंडी. अहल्येने तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कशाला घालतात रे?"

"त्या पुरचुंडीवरून काकीशी माझं भांडण झालंय," सौमित्र म्हणाला. "वजन वाढतं, काढून टाका म्हटलं, तर ऐकेनात. भाजलेले तांदूळ आहेत त्यात. दमट हवा ओढून घेतात, हलव्याला पाणी सुटत नाही."

"भाजलेले?"

"तपकिरी दिसेपर्यंत. का?"

शेजारच्या धाब्यावरून पोरांनी कोणाचा तरी पतंग कापून "काप्यो छे" अशी आरोळी ठोकली. तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि जिना उतरली.

४

तरीही ती नीराकडे गेली, कारण आपलं चुकत असेल तर बरं, असं तिला वाटत होतं.

नीरा दांडिया बाजारात राहायची. पहिल्या वर्षी ती सुहासिनीची भागीदार होती. मग बाजारातून तयार हलवा आणून ओवावा, असं तिनं सुचवलं आणि दोघींचं फाटलं. तिच्याकडे उरलेले लाल डबे होते, आणि तिच्या भावाचा, श्रीपतरावांचा, छाणीला थर्मोकोलची मखरं करण्याचा कारखाना होता. उत्कर्ष सकाळी हेच ओरडत होता.

नीराने सगळं ऐकलं. ती रागावली नाही, तिचे डोळे भरले. उठून तिने कपाटातून डबे काढले आणि अहल्येपुढे रचले. धूळ बसलेली होती, एकही वापरलेला नव्हता.

"मी बाजारचा म्हटलं होतं, पण साखरेचाच," ती म्हणाली. "दोन वर्षं ती माझ्याशी बोलत नाही, ते मी सोसलं. हे नाही सोसणार. बाळांच्या अंगावर थर्मोकोल घालीन मी?"

अहल्येने पुरचुंडीचं विचारलं. नीरा म्हणाली की ती युक्ती तिच्याच आईची, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात तशी. तांदूळ भाजून कसे घ्यायचे ते तिनेच मोहनाला दाखवलं होतं.

मग नीराने तिथूनच भावाला फोन लावला. श्रीपतरावांना एवढंच ठाऊक होतं की शेजारच्या शेडमध्ये डिसेंबरअखेर हलव्यासारखे दागिने झाले होते. लहान मुलांच्या नाटकासाठी आहेत, असं करवून घेणाऱ्याने सांगितलं होतं. माणूस मराठी होता. शेडचा मालक पादरा गावी सासुरवाडीला गेला होता, उद्या येणार होता.

उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. घड्याळात दुपारचे दोन वाजून गेले होते.

५

ती परतली तेव्हा अनिश अजून तिथेच उभा होता. मोहनाने त्याच्यासाठी वाढलेल्या ताटाला त्याने हात लावला नव्हता. उत्कर्ष कॉम्प्युटरपाशी बसून नीराविरुद्ध तक्रार लिहीत होता. अहल्येने मोहनाला स्वयंपाकघरात गाठून एकच प्रश्न विचारला. मोहनाने भाजलेल्या तांदळाची बरणी काढून दाखवली. ते काम तिचंच होतं.

अहल्या बाहेर आली आणि पर्समधली पुरचुंडी तिने टेबलावर सोडली. कुंकवाचे तांदूळ पसरले.

सुहासिनीबाईंनी ते चिमटीत घेऊन पाहिले. "हे काय? आपण साधे भाजलेले घालतो."

"तेच तर," अहल्या म्हणाली. "हा डबा भरणाऱ्याला पुरचुंडी घालायची असते हे माहीत होतं, आत काय असतं ते माहीत नव्हतं. परक्या माणसाला दुकानाचा पासवर्ड मिळाला नसता, आणि त्यानं नक्कल केलीच असती तर तुझा खरा डबा मागवून, उघडून केली असती. त्याला तपकिरी तांदूळ दिसले असते, त्यानं तसेच घातले असते. सौमित्रला आतलं ठाऊक आहे, नीराला ठाऊक आहे, मोहना ते स्वतः भाजते. बळवंतरावांना पुरचुंडी असते हेच माहीत नाही. म्हणजे असा कोणीतरी, ज्याने ती शेकडो वेळा बाहेरून पाहिली आणि कधी विचारलं नाही. स्वतःच ठरवून टाकलं की आई देवाचं काहीतरी घालत असेल."

ती उत्कर्षकडे वळली. "सकाळी तू यांना काय म्हणालास?"

टाइप करणारी बोटं थांबली होती. अनिश सावकाश पुढे आला. त्याला आठवलं होतं.

"अक्षता," अनिश म्हणाला.

उत्कर्ष म्हणाला की एका शब्दावरून एवढं ठरवणं हा मूर्खपणा आहे. अहल्या म्हणाली की बरोबर आहे, उद्या शेडचा मालक येईल, त्याच्यासमोर उभं करू. पासवर्ड तुझ्याकडे आहे, डबे याच घरात आहेत, कारखान्याला जाताना तू रोज छाणीवरून जातोस. पण आज संध्याकाळी एखादं बाळ गुदमरलं तर उद्याचा उपयोग काय?

मोहना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "रात्री कॉम्प्युटरवर बसायचास, तेव्हा ऑफिसचं काम आहे म्हणाला होतास."

त्यावर तो ढासळला. पण रडला नाही, चिडला.

"काय चूक केली मी? दुकान ऐन भरात आलं आणि आईनं बंद करून टाकलं. एकदा परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं का? रोज मेल यायचे, बायका विनवण्या करायच्या. मी नाही म्हणायला हवं होतं? कारखान्यात मला कोण विचारतं? इथे लोक आभार मानत होते. आई, तुझंच नाव मोठं होत होतं. ज्यांना डबे गेले त्यांच्यातल्या एकीनंही यांच्याआधी तक्रार केली नाही. आणि हे दागिने खातं कोण? फोटोपुरतेच घालतात सगळे."

सुहासिनीबाई इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"आठ महिन्यांचं मूल खातं," त्या म्हणाल्या. "बाळ अंगावरचं तोंडात घालणारच, म्हणून आपल्यात बाळाचे दागिने साखरेचे करतात. तेवढ्यासाठीच करतात, उत्कर्ष. तू लहान असताना तुझ्याही अंगावर घातले होते, आणि संध्याकाळपर्यंत तू अर्धा हार चाटून संपवला होतास. गिऱ्हाईक गेलं असतं तर गेलं असतं. मी नाही म्हटलं होतं. माझं 'नाही' तुला ऐकू आलं नाही, कारण तुला माझं कामच कधी दिसलं नाही. दिसलं ते फक्त माझं नाव."

मग त्यांनी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"ज्यांना ज्यांना डबे गेलेत त्यांना आत्ता फोन कर. चूक झाली म्हणू नकोस. मी खोटे मणी घातले, असं म्हण."

६

त्याने मेलमधून नंबर काढून फोन केले. मोहना शेजारी उभी राहून पुढचा नंबर सांगत होती. तिचा आवाज अगदी सपाट होता. सौमित्र छाणीहून धावत आला, त्याने दुकानाच्या पहिल्याच पानावर सुहासिनीबाईंनी सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं. अहल्या अमेरिकेतल्यांना मेल धाडत होती. तिथे सकाळ होत होती, त्यांना वेळ होता. देशातल्यांना नव्हता.

बहुतेकांचं बोरन्हाण पुढच्या रविवारी होतं. काहींचं होऊन गेलं होतं, बाळं सुखरूप होती. एकीने मुकुट आठवण म्हणून पाळण्याला बांधला होता. तो सोडवून टाका, असं उत्कर्ष तिला सांगत असताना पहिल्यांदा त्याचा आवाज कापला. काहींनी शिव्या घातल्या. सुहासिनीबाईंनी फोन ठेवू दिला नाही, त्या पूर्ण ऐकायला लावल्या.

नाशिकचा फोन लागेना. वाजायचा आणि बंद व्हायचा. मेलमध्ये त्या मुलीने हौसेनं लिहिलं होतं की रविवारी चार वाजता सगळे जमणार आहेत. चार वाजून गेले होते. अनिशने उत्कर्षच्या हातातून फोन ओढून घेतला आणि स्वतः लावत राहिला. उचलला तो कोणा म्हाताऱ्या माणसाने. मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी ओवाळायचं गाणं म्हणत होतं.

"बाळाच्या अंगावरचे दागिने काढा," अनिश म्हणाला. "आधी काढा. मग सांगतो."

पलीकडे फोन कुठेतरी आपटला. गाणं थांबलं. इकडे टेबलाभोवती सगळे उभे होते. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचा आवाज आला. काढले, तो म्हणाला. एक मणी बाळाच्या मुठीत होता.

अनिश खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं. सकाळपासून तो पहिल्यांदाच बसला होता.

शेवटचा फोन झाल्यावर उत्कर्षने आईकडे पाहिलं. झालं का, असं त्याला विचारायचं असावं. सुहासिनीबाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि अनिशला सांगितलं की तक्रार द्यायची ती इथे द्या किंवा मुंबईत, तुम्ही बोलवाल तिथे आपण येऊन साक्ष देऊ; मुलगा म्हणून काही लपवणार नाही. माफी मागण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटत नाही, पण अवनीशी एकदा बोलायचं आहे.

अनिशने घरी फोन लावला, बायकोला थोडक्यात सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. सुहासिनीबाई बोलल्या, थांबल्या, ऐकत राहिल्या. मग त्यांनी फोन उत्कर्षपुढे धरला.

"तिला तुझ्याशी बोलायचंय."

उत्कर्षने फोन कानाला लावला. अवनी काहीच बोलली नाही. तिने फोन बाळाजवळ धरला होता. बाळ रडत होतं, आणि त्याच्या घशातून रडणं नीट निघत नव्हतं. घासल्यासारखं, फाटल्यासारखं काहीतरी येत होतं, मधेच थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं.

उत्कर्षचा हात खाली आला.

"ठेवू नकोस," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ऐक."